फुकट सल्ला, चहा आमचा

सिल्वासात पाहुण्यांचे दोन प्रकार. पहिले शनिवारी संध्याकाळी वापीच्या रस्त्याने गाड्या भरभरून येतात. गुजरातेत दारूबंदी आहे आणि आमच्याकडे नाही, एवढ्या एका गोष्टीवर इथली कितीतरी हॉटेलं तग धरून आहेत. ही मंडळी तशी निरुपद्रवी. येतात, बसतात, रविवारी दुपारी डोकं धरून परत जातात. दुसरे पाहुणे फेब्रुवारी-मार्चात येतात. इस्त्रीचा शर्ट, काळी बॅग, खिशाला दोन पेनं. हे हॉटेलात उतरत नाहीत, थेट आपल्या दिवाणखान्यात बसतात. यांना गुंतवणूक सल्लागार म्हणतात. पहिल्यांनी घेतलेली सोमवारपर्यंत उतरते. दुसऱ्यांनी दिलेली उतरायला वीस वर्षं लागतात, आणि मधेच उतरवायला गेलं तर सरेंडर चार्ज पडतो.

तसं हे गावच सवलतीवर वाढलेलं. नव्या कारखान्यांना उत्पन्नकरात सूट, विक्रीकर माफ, म्हणून मुंबई-सुरतेचे शेठ आमली, मसाट, पिपरिया, खडोलीला आले. शेठ आले म्हणून पॉलिस्टर यार्नची मशीनं आली आणि मशीनं आली म्हणून जळगाव-धुळ्याकडची आम्ही माणसं आलो. माझा जन्म जळगाव जिल्ह्यात झाला असला, तरी माझी नोकरी आयकर कायद्याच्या एका कलमाच्या पोटी जन्मली आहे. पुढे सवलती संपल्या, काही शेठ नव्या सवलतींच्या मागे उत्तराखंड-हिमाचलात गेले, आम्ही इथेच राहिलो. पण गावाच्या कानाची सवय गेली नाही. ‘टॅक्स वाचतो’ एवढं ऐकलं की सिल्वासाचा माणूस ताटावरून उठतो.

सल्लागाराला हे पक्कं ठाऊक असतं. आमच्याकडे येणारा तर चार भाषांत पारंगत आहे. घरात शिरताना मराठी: “काय काका, गुडघा कसाय आता?” फायदा सांगताना गुजराती, कारण नफ्याची गोष्ट गुजरातीत ऐकली की खरी वाटते. फॉर्मवर आला की हिंदी. आणि कापून काय जाणार, हा विषय निघाला की एकदम इंग्रजी, तीही पानाच्या तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत. बायको म्हणते, हा माणूस ज्या भाषेत पुटपुटतो तिथे आपले पैसे आहेत.

सहीचं महत्त्व तर या मातीला वेगळं सांगायला नको. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं. सोडवणाऱ्यांत बाबूजी, म्हणजे सुधीर फडके होते, हे इथला मराठी माणूस पाहुण्याला पाण्याच्या आधी सांगतो. पुढची सात वर्षं हा दादरा-नगर हवेलीचा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता आणि कागदोपत्री भारताचाही नव्हता. 1961 मध्ये विलीनीकरणाच्या करारावर आमच्या बाजूने सही करायला अधिकारी माणूस हवा, म्हणून के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्यांना एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं आणि त्यांनी नेहरूंच्या बरोबरीने सही केली. एका सहीसाठी पंतप्रधानपद! आमचा सल्लागार एका बैठकीत डझनभर सह्या मागतो आणि बदल्यात देवादिकांचं कॅलेंडर देतो. फॉर्म सगळा कोरा, पेन्सिलीच्या फुल्या मात्र जागच्या जागी. “तुम्ही फक्त फुलीवर सही करा काका, बाकीचं मी ऑफिसात भरतो. तुमचा वेळ कशाला घालवायचा?” समोरच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी तोंडात तंबाखूचा बार असताना अशा फॉर्मवर सही केली. पॉलिसी आली त्यात ‘तंबाखू: नाही, मधुमेह: नाही’. काकांना स्वतःची तब्येत इतकी उत्तम असल्याचं पहिल्यांदाच कळलं.

मी एका यार्नच्या कारखान्यात हिशेब बघतो. पगाराच्या पावत्या मीच काढतो, त्यामुळे पैशातलं सगळं मला कळतं असा अख्ख्या शिफ्टचा समज आहे. जेवणाच्या सुट्टीत कुणी ना कुणी पाकीट घेऊन येतंच. खानवेलकडचा एक पोरगा हेल्पर आहे. त्याच्या वडिलांनी जमिनीचा तुकडा विकून आलेले पैसे बँकेत मुदत ठेवीत टाकले होते, म्हणजे त्यांना तसं वाटत होतं. पोरगा पाकीट घेऊन आला तेव्हा ते पाकीट मी नुसतं हातात तोललं. मुदत ठेवीची पावती एका पानात संपते. हे चाळीस पानी होतं. आत पाहतो तर दहा वर्षं दरवर्षी भरायचा हप्ता, आणि व्यवसायाच्या रकान्यात वडिलांना ‘उद्योजक’ केलेलं. वार्षिक उत्पन्न तर असं, की आमच्या मॅनेजरने पाहिलं असतं तर त्याने त्या म्हाताऱ्याकडे नोकरी मागितली असती. कंपनीकडून खातरजमेचा फोन आला होता का, विचारलं. आला होता म्हणाला. “बँकेतल्या साहेबांनी आधीच सांगितलेलं, बाई काय पण विचारील, हो म्हणायचं.” म्हाताऱ्याने म्हटलं हो. नवरदेवानेही मांडवात इतक्या वेळा विनातक्रार मान डोलावली नसेल.

अशी पाकिटं पाहून पाहून माझ्या ध्यानात आलं की ‘हा माणूस चांगला आहे का’ हा प्रश्नच फुकट आहे. माणसं चांगलीच असतात. आमचा सल्लागार माझ्या आजारपणात नारळपाणी घेऊन आला होता. प्रश्न विचारायचा तो एवढाच, की याचं घर कोणाच्या पैशावर चालतं? मी त्याला हे मराठीतच विचारलं होतं, चांगला चहा देऊन. “तुमची फी किती?” त्याने कानाला हात लावला. “काका! तुमच्याकडून फी घेईन मी?” या वाक्याने माझी बायको सोडून सगळं घर विरघळलं. ती आत जाऊन म्हणाली, हा त्या लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा आहे. मुलीकडून छदाम घेत नाही, सगळं मुलाकडून घेतो. मग मुलगा निर्व्यसनी, मनमिळाऊ आणि एकुलता एक निघणारच.

कमिशनचा आकडा मात्र त्याला कधी आठवायचा नाही. विचारलं की “ते कंपनी बघते हो”, “नाममात्र असतं”, “आता पूर्वीसारखं काही राहिलं नाही” अशा पुड्या सुटायच्या. आणि मग एका मार्चात तो खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणाला, “काका, तुमच्या कारखान्यात दीडशे माणसं. तुमच्या शब्दाला मान आहे. तुम्ही नुसती नावं द्या, निम्मं तुमचं.” मी म्हटलं, निम्मं म्हणजे कशाचं निम्मं? आणि महाराज, ज्या माणसाला इतकी वर्षं आकडा आठवत नव्हता त्याने तो दशांश चिन्हासकट तोंडपाठ म्हणून दाखवला. जुन्या धाटणीच्या पॉलिसीत पहिल्या वर्षी हप्त्याच्या 35 टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी 7.5 टक्के, पुढे 5 टक्के. विमा कायद्याखाली वर्षानुवर्षं हीच कमाल पट्टी होती. 2023 मध्ये नियामकाने ती काढून कंपनीच्या एकूण खर्चालाच मर्यादा घातली, त्यामुळे आता आकडे कंपनीगणिक वेगळे असतात. पण पहिल्या हप्त्यावर सगळ्यांत मोठा घास, ही रीत काही बदललेली नाही. सल्लागार पहिल्या वर्षी आपल्याला नारळपाणी देतो आणि चौथ्या वर्षी फोन उचलत नाही, त्याचं कारण स्वभावात शोधू नये, पट्टीत शोधावं.

त्या दिवशी त्याने मला दाखवलेला कागद मी ठेवून घेतला. वर्षाला 50 हजार, वीस वर्षं. म्हणजे भरायचे 10 लाख, मिळणार 18 लाख. 18 भोवती त्याने लाल गोल काढला होता, शाळेत शिक्षक चूक झाली की काढायचे तसा. रात्री मी कारखान्याच्या संगणकाशिवाय, नुसत्या मोबाईलच्या हिशेबाने पाहिलं. व्याज पडतं सव्वापाच टक्क्यांच्या जरा वर. आता हेच 50 हजार दरवर्षी पीपीएफमध्ये टाकले, पंधरा वर्षांनंतर आणखी पाच वर्षांनी मुदत वाढवली, आणि एप्रिल 2020 पासून चालू असलेला 7.1 टक्क्यांचा दर तसाच राहिला, तर हातात पडतात 22 लाखांवर. दर पुढे खाली-वर होईल, कबूल. पण चार लाखांचा फरक भरून निघायला तो बराच खाली जायला हवा. दुसऱ्या दिवशी हे ऐकवल्यावर सल्लागार म्हणाला, “पण काका, यात विमा आहे ना!” होता. 10 लाखांचा. तेवढ्याच रकमेचा नुसता टर्म प्लॅन घेतला तर कमावत्या वयाच्या निरोगी माणसाचं वर्षाला काही हजारांत भागतं. टर्म प्लॅनचं नाव काढल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की मी त्याच्या घरातल्या कुणाबद्दल वेडंवाकडं बोललो की काय, असं मला वाटलं. टर्म प्लॅनचा हप्ताच लहान. त्याचे 35 टक्के म्हणजे त्याच्या पेट्रोलचे पैसेही नाहीत.

दुखणं कुठलंही सांगा, औषध एकच निघतं. मुलीचं लग्न आहे? ही पॉलिसी. म्हातारपणाची चिंता? हीच पॉलिसी. आईचं ऑपरेशन निघालंय, पैसे मोकळे हवेत? “मग तर काका, हीच घ्या.” टॅक्स वाचवायचा? हीच. इथे मी त्याला अडवलं. 2025-26 पासून नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदाराला प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. आणि त्या पद्धतीत 80 सी ची वजावट मिळतच नाही. आमच्या कारखान्यातल्या बहुतेकांचा पगार याच्या आतबाहेर नाही, आतच आहे. म्हणजे जो कर लागतच नाही तो वाचवण्यासाठी, जी वजावट मिळतच नाही ती घेण्यासाठी, माणूस वीस वर्षं हप्ते भरणार. सल्लागार क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, “पण काका, सवय लागते ना बचतीची.”

म्युच्युअल फंडवाला वेगळा. तो ‘नवीन फंड येतोय, 10 रुपयांना युनिट’ असं कुजबुजतो, जणू कांदे उतरलेत. युनिट 10 चं घ्या की 400 चं, आतले शेअर दहा टक्के चढले तर दोन्हीकडे दहा टक्केच चढतात. पण 10 रुपये ऐकलं की आपल्या लोकांना खरेदीचा झटका येतो. दर दीड-दोन वर्षांनी तो ‘या फंडातून निघूया’ म्हणतो. निघणं आपल्या कामाचं की त्याच्या, ते विचारावं. 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडाची डायरेक्ट योजना मिळते, जिच्यात वितरकाचा वाटा नसतो. तो वाटा वर्षाला एक टक्का धरा. महिना 10 हजार, वीस वर्षं. 12 टक्क्यांनी वाढले तर जवळपास 1 कोटी, 11 टक्क्यांनी वाढले तर साडेसत्त्याऐंशी लाख. एका टक्क्याची किंमत साडेबारा लाख. त्या बदल्यात कोणी खरोखर हात धरून पडत्या बाजारात थांबवत असेल तर मी म्हणेन, द्या, त्याचं मोल आहे. पण बाजार पडला की आमचा फंडवाला नेमका कुलदैवताला गेलेला असतो. तिथे रेंज नसते.

सगळ्यांना एका चाळणीने चाळायचं असेल तर मला एक युक्ती सापडली आहे. तोंडी जे जे सांगितलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागायचं. “गॅरंटीड 12 टक्के म्हणालात ना, तेवढं एका ओळीत टाका.” जो माणूस वर्षानुवर्षं रोज पहाटे गुलाबाच्या फुलासह सुप्रभात पाठवतो, दसऱ्याला आपट्याचं पान पाठवतो, माझ्या वाढदिवसाला माझ्याच फोटोभोवती फुगे लावून पाठवतो, त्याचे अंगठे या एका ओळीला दुखू लागतात. दोन निळ्या रेघा येतात. उत्तर येत नाही. दुसऱ्या दिवसापासून गुलाबही बंद.

‘पहिल्या हप्त्यातले पाच हजार मी देतो काका’ हाही एक गोड प्रकार. आपल्याला वाटतं एजंटाला लुटला. विमा कायद्याच्या 41 व्या कलमाप्रमाणे असं कमिशन फोडून देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा आहे, दंड 10 लाखांपर्यंत. जो पहिल्याच भेटीत आपल्याला बरोबर घेऊन कायदा मोडतो, तो पुढे आपल्याला वगळून काय काय मोडेल, याचा अंदाज बांधावा.

एक सांगतो, ही माणसं राक्षस नाहीत. बँकेतल्या टेबलावरच्या मुलीला मार्चअखेर टार्गेट असतं, तिच्या साहेबाला असतं, त्याच्या साहेबाला असतं, आणि सगळ्यांत खाली चाळीस पानी पाकीट हातात घेऊन खानवेलचा म्हातारा असतो. 1 ऑगस्ट 2009 ला शेअर बाजाराच्या नियामकाने, म्हणजे सेबीने, म्युच्युअल फंडाच्या खरेदीवर कापलं जाणारं शुल्क बंद केलं, तर विकणाऱ्यांचा जथा युलिपकडे, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र बांधलेल्या पॉलिसीकडे वळला, कारण तिथे पान चांगलं वाढलेलं होतं. 2010 मध्ये युलिप नक्की कोणाच्या अखत्यारीत यावरून सेबी आणि विमा नियामक यांची उघड जुंपली, सरकारला वटहुकूम काढावा लागला. मोनिका हलन, रेणुका साने आणि सुझन थॉमस या तिघींनी 2004-05 ते 2011-12 या काळात चुकीच्या विक्रीने विमाग्राहकांचं किती नुकसान झालं याचा अंदाज काढला. तो दीड लाख कोटी रुपयांचा होता. ब्रिटनने 2012 अखेर गुंतवणूक सल्ल्यावरचं कमिशनच बंद केलं. आपल्याकडेही 2009 मध्ये स्वरूप समितीने तसंच काहीसं सुचवलं होतं. सुचवलं होतं.

तरी कायद्याने एक बरी गोष्ट केली आहे, जी आमच्या कँटीनमध्ये कोणालाच ठाऊक नव्हती. 2013 च्या नियमांपासून गुंतवणूक सल्लागार हे कोणीही छापून घ्यावं असं पद राहिलं नाही. त्याला सेबीची नोंदणी लागते, नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो, आणि तो त्याची फी आपल्याकडून घेतो. ज्याच्या कार्डावर ‘एआरएन’ क्रमांक आहे तो म्युच्युअल फंडाचा वितरक, म्हणजे विक्रेता. 2020 च्या दुरुस्तीनंतर वितरकाने स्वतःला स्वतंत्र आर्थिक सल्लागार म्हणवून घ्यायलाही बंदी आहे. म्हणून आता कार्डांवर ‘वेल्थ पार्टनर’, ‘मनी डॉक्टर’ अशी नावं आली. देशभरात खरे नोंदणीकृत सल्लागार हजाराच्या आसपास, विमा एजंट लाखोंनी. त्यामुळे आपल्या दारात कोण येणार, याचं गणित पत्रिकेवाचून मांडता येतं.

आता हे सगळं मी कँटीनमध्ये सांगितल्यावर मशीनवरच्या एका फिटरने विचारलं, “मग तो आयएनएवाला किती घेतो?” म्हटलं, कामाप्रमाणे काही हजार. सगळी पंगत उसळली. “नुसतं बोलायचे?” याच फिटरने गेल्या दिवाळीत वास्तुवाल्याला रोख पैसे मोजून स्वयंपाकघराचं तोंड फिरवलं. पण वास्तुवाला निदान काहीतरी हलवतो तरी. दिसतील असे दहा हजार द्यायला आपल्या पोटात गोळा येतो, न दिसता गेलेल्या दोन लाखांना आपण नशीब म्हणतो.

खानवेलच्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं, ते थोडक्यात. पाकिटावरची तारीख बघितली, मुदत शिल्लक होती. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत, कारण कोणतंही असो, परत करता येते. पूर्वी ही मुदत साधारण 15 दिवस असायची. आम्ही अर्ज लिहिला, पोच घेतली, किरकोळ कापून बहुतेक पैसे परत आले. बँकेतल्या साहेबांनी म्हाताऱ्याला परत बोलावून दुसरी, ‘याहून चांगली’ स्कीम सांगितली. म्हातारा सवयीने हो म्हणणार होता, पोरगा बरोबर होता म्हणून वाचला.

तेव्हा घरात आलेलं पाकीट आजच उघडा आणि कपाटात देवाच्या फोटोमागे ठेवण्याआधी त्यावर मिळाल्याची तारीख घाला. मुदत उलटली असेल आणि फसवून विकल्याची खात्री असेल, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालांकडे जा. दादरा-नगर हवेली मुंबईच्या नाही, अहमदाबादच्या लोकपालांच्या कक्षेत येते. 50 लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात, फी नाही, वकील लागत नाही. अर्ज मात्र स्वतः भरा. सल्लागाराला बोलावलंत तर तो येईल, चहा घेईल आणि फुल्या मारून देईल.